खांबावर राहिलेली गाठ

प्रिय धाकट्या,

"याच्याकडून बुटाच्या नाड्या बांधून घ्या, होडी नको," हे बाबांचं धक्क्यावरचं वाक्य तू विसरला नसशील. मीही विसरले नाही. वादळात आपली होडी वाहून गेली, खडकावर फुटली, आणि तुझीच गाठ सुटली असं सगळे धरून चालले. त्यानंतर तू घरी राहिला नाहीस.

काल बाबांनी उशाखालून दोराचा एक तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. त्याच्या एका टोकाला तुझा फास आहे, शेवटचा वेढा तुझ्या सवयीने उलटा घेतलेला. दुसरं टोक तुटलेलं आहे. लोक जमायच्या आत त्यांनी तो खांबावरून काढून लपवला होता.

"गाठ पक्की होती," ते म्हणाले. "दोरच कुजका होता. नवा घ्या म्हणून पोरगा मागे लागला होता माझ्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बापाने चारचौघांत नाक कापून घ्यायचं?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! पण तुकडा परत मागून घेऊन ते तुझ्या गाठीवरून बोट फिरवत राहिले.

डॉक्टरांनी बाबांची आशा सोडली आहे. त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही, ते त्यांनी म्हणायला हवं. याआधीची पत्रं मी टाकलीच नाहीत. हेही कदाचित कपाटातच राहील. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. तरी एकदा ये, बाबांची गाठ घे.

तुझी,
ताई