ॲम्प्लिफायरमधली घूं

स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरून, टोक ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला टेकवून मी वाकले होते, अण्णा, आणि आवाज एकदम बंद झाला. मी काहीच केलं नव्हतं. नुसती ऐकत होते, तुम्ही यंत्रमागाच्या बेअरिंगला लाकडी दांडकं लावून ऐकायचात तशी. आवाज बंद झाला त्याच क्षणी आतल्या खोलीत खट्ट झालं. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि आईच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं.

आधी आवाजाबद्दल सांगते. तुमच्या वेळी घरात रेडिओ होता, आता मी रेकॉर्डी ऐकते. कॉलेजात शिकवून आले की संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसते, तंबोरा सुरू होतो आणि त्याच्याखाली दुसरा एक सूर लागतो. घूं. तो गाण्यात नसतो. स्पीकरच्या वायरी काढून टाकल्या तरी तो असतो. ॲम्प्लिफायरच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर आहे, तो थरथरतो आणि पत्रा त्याच्याबरोबर वाजतो. दिवाळीनंतर हे सुरू झालं. मी बोल्ट आवळले. जुन्या स्लिपरचा रबर कापून पायांखाली घातला. पेटी लाकडी फळीवरून काढून शहाबादी फरशीवर ठेवली. प्रत्येक वेळी वाटायचं की जमलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घूं परत. एखादा सूर मनाला लागला की त्याच्यामागे हा आवाज शोधायचा, अशी सवय झाली. गाणं ऐकणं जवळजवळ संपलंच.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो सकाळी आला. पेटी गप्प. त्याने कान लावला, हात ठेवून पाहिला, म्हणाला, "मॅडम, आवाज कुटं हाय?" मी म्हटलं, "संध्याकाळी येतो." "मग त्याच्या टायमाला मला बोलवायचं की. आमची भेट व्हायची तर एका वेळंला यायला नको का दोघांनी?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हसली. जाताना तो म्हणाला की वायरिंग जुनं आहे, लाइनमध्ये काहीतरी येत असेल, त्या वेळी घरात अजून काय चालू असतं ते बघा. वायरिंग तुमच्या हातचं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. घरात आम्ही दोघीच, मी म्हटलं. ट्यूब, पंखा, फ्रीज. आईने हे सगळं ऐकलं आणि ती भाजी निवडायला आत गेली.

तर मी दार उघडलं. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. शेकायची विजेची पट्टी, जी मी तिच्या गुडघ्यांसाठी आणली होती, ती तिने उजव्या बाजूला बरगडीखाली दाबून धरली होती. बटण नुकतंच बंद केलेलं. ती समोरच्या तुमच्या खुर्चीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. भाजी चिरताना, केस विंचरताना तिचे ओठ असे हलताना मी पुष्कळ वर्षं बघते आहे. मला वाटायचं, देवाचं नाव घेते.

तुमच्या शेडचं दार आठवतं. मी डबा घेऊन येते. आवाज दारातच अंगावर येतो, पायाखालची फरशी हलते. मी जीव खाऊन ओरडते, अण्णा, डबा. तुम्ही माग थांबवत नाही. पलीकडच्या मागावरचा माणूस तुम्हाला काहीतरी सांगत असतो, नुसत्या ओठांनी, आणि तुम्ही खांदे हलवून हसत असता. मग बाहेर येऊन, कापूस झटकत, मला रागावता. "वरडून काय उपेग? तोंड दाखव. तोंड दिसलं की कळतं." घरी मी पुस्तकात मान घालून उत्तर दिलं तरी हेच. तोंड दाखव. तेव्हा मला तो अपमान वाटायचा. तुम्हाला कमी ऐकू येतं हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं.

आई माझ्या जन्माआधी त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची, म्हणून तिलाही ही भाषा येत होती. तुम्ही दोघं घरातही तसंच बोलायचात. ती चुलीपाशी, तुम्ही उंबऱ्याशी, मध्ये मी अभ्यासाला, आणि माझ्या डोक्यावरून तुमचं बोलणं चाललेलं, एक शब्द ऐकू न येता. मोहोळचे काका येऊन राहिले होते तो दिवस मला आठवतो. तुमचे मावसभाऊ, घोरणारे. जेवताना आईने ओठांनी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही ओठांनी उत्तर दिलंत. काकांनी घास गिळला आणि मोठ्याने म्हणाले, "उद्या सकाळच्या यष्टीनं जातो की वैनी. शेंगाची चटणी तेवढी बांधून द्या." काकांनी तरुणपणी माग चालवले होते, हे तुम्ही दोघंही विसरला होतात. आई पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. तुम्ही मात्र शांतपणे भाकरी मोडत राहिलात आणि म्हणालात, "ऱ्हा की रं, कुणी जा म्हणलंय?" मी ही भाषा शिकले नाही. तुम्ही शिकवली नाहीत. त्यात शिकवण्यासारखं काही आहे असं तुम्हाला वाटलंही नसेल.

आईने मला पाहिलं. ओठ मिटले. पट्टी गोधडीखाली गेली.

"ती गुडघ्याची ना?" मी विचारलं.

"गुडघ्याचीच हाय."

"मग पोटावर काय करतेय?"

"गुडघा मोडून बसले हुते. सरकली वर."

मी पट्टी ओढून घेतली आणि बटण कमी शेकावर सरकवलं. बाहेरच्या खोलीत घूं सुरू झाली. जास्तवर नेलं, थांबली. कमीवर आणलं, सुरू. आई कान देऊन ऐकत होती. "ह्यानं वाजतंय व्हय तुझं यंत्र? मला वाटलं, तार सैल हाय कुटंतरी. तू रोज खोलून बसायचीस. मी म्हणलं नाद हाय पोरीला, करू दे." नंतर मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. कमी शेकावर असल्या पट्ट्या विजेची अर्धीच लाट घेतात, तो म्हणाला, त्याने लाइन एका बाजूला कलते आणि मोठा ट्रान्सफॉर्मर कुरकुरतो. पट्टी बदला, आवाज जाईल.

"जास्तवर का लावत नाहीस?" मी आईला तेव्हाच विचारलं.

"भाजतं."

"कधीपासून दुखतंय?"

"हुतं आधीपासनं. आधी विटंचा तुकडा तापवायची मी, तू कालेजात गेलीस की. ही बरी. धूर न्हाय, वास न्हाय. कुणाला कळत न्हाय."

मी म्हटलं, उद्या डॉक्टरांकडे जायचं. ती नाही म्हणाली. का, विचारलं तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला तिची मान दिसत होती, जबडा हलताना दिसत होता. ती तुम्हाला सांगत होती. मला नाही. मी म्हणाले, "आई, तोंड दाखव." माझा आवाज चढला होता. ती वळली. 

"त्यास्नी चालत नेलं हुतं," ती म्हणाली. "रिक्षात बसताना पान मागत हुते. मी म्हणलं, आल्यावर खावा."

तुम्ही दवाखान्यातून परत आला नाहीत, त्या दिवसाचं हे तिने इतक्या वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी पलंगावर बसले. ती म्हणाली, दाखवून येते, पण दवाखान्यात ठेवायचं न्हाय, सांजच्याला घरी, शब्द दे. मला देता आला नाही. काय निघेल ते बघून ठरेल, मी म्हटलं, आत्ता कसं सांगू.

"तुझा बाप बोलला असता. व्हय, सांजच्याला घरी, म्हणला असता. खोटं."

"मग मी पण म्हणू?"

"आता काय उपेग. जा, तुझं गाणं लाव."

मी बाहेर आले. रेकॉर्ड लावली. गाणं स्वच्छ होतं, खाली काही नव्हतं, कितीतरी महिन्यांनी. थोडं ऐकलं आणि लक्षात आलं की आईने माझ्यासाठी पट्टी बंद ठेवली आहे. ती आत तशीच बसली आहे. मी रेकॉर्ड उचलली, पण ॲम्प्लिफायर चालू ठेवला, आणि तिला ओरडून सांगितलं, "लाव गं तू. माझं झालं ऐकून." काही वेळाने घूं सुरू झाली. ती सुरू असतानाच मी हे लिहायला बसले. मध्ये एकदा थांबली तेव्हा मी उठून दाराशी गेले. पट्टी बंद करून तिने बाजूला ठेवली होती, तिला डुलकी लागली होती. मग पुन्हा सुरू झाली. म्हणजे जाग आली. म्हणजे दुखतंय.

हे पान पोस्टात टाकायचं नाही, कोणाला दाखवायचंही नाही. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. तिच्या खोलीत बटण पुढेमागे करताना बाहेर आवाज सुरू-बंद होत होता, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की पेटी चांगली आहे, बिघडलेली नाही. मला बरं वाटलं. आईची बरगडी त्याच्यानंतर आली. फार नाही, एखादा क्षणच. पण नंतर आली.

एवढं दुसऱ्या दिवशी जोडते: सकाळी रिक्षा दारात आल्यावर आई स्वतः जिना उतरली. ठेवून घेतलंच तर म्हणून मी तिची साडी, टॉवेल आणि ताटली पिशवीत भरली होती. ती पिशवी तिने माझ्या हातातून घेतली, परत वर जाऊन ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कंबरेला खोचून रिक्षात बसली.