टेंडरमधलं पाणी

रविवार, संध्याकाळ. कारेगाव

तळहात अजून गार आहे. दोनदा गरम पाण्यात धरला, तरी.

दुपारी आबांना दौंडला नेलं होतं. आबा, माझे वडील, तिथं वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. शोभेला ठेवलेलं जुनं इंजिन त्यांना बघायचं होतं. पण ते थांबले इंजिनामागच्या टेंडरपाशी. टेंडरमध्ये कोळसा असतो आणि त्याच्या भोवती पाण्याची टाकी. पाणी कुठवर आहे, ते पत्र्यावर टकटक करून ओळखायची त्यांची जुनी सवय.

आबांनी खालून वर वाजवत नेलं. छातीपर्यंत ठप्प, ठप्प. मग एकदम ठण्ण.

"अर्धी भरलीय," म्हणाले.

मी हसले. तळाचा पत्रा कुजून हात जाईल एवढं भोक पडलंय. आत पाणी राहील कसं? म्हणून मीच वाजवलं. छातीपर्यंत ठप्प. तळहात टेकवला, तर मे महिन्याच्या उन्हात लोखंड माठासारखं गार! कशाला टेकवला मी?

"आबा, पाणी कोण भरतंय?"

"ते न्हाई ठावं. पर भरत्यात म्हंजी गाडी जायची हाय. टाकी पुरी भरली की ड्यूटीला बोलवाय कॉलमन घरी येतो."

घरी आल्यापासून आबा बूट घालून दारात बसलेत. मघाशी हाक मारली, "डबा भरून ठिव गं. एकट्याचाच."

कुणीही येऊ दे दारात. डबा मी भरणार नाही.