शुक्रवारचा रविवार

२० जून, शुक्रवार
शुक्रवार, लूम बंद. एरवी शाळेच्या मागे यंत्रमागांची खटखट चालू असते, त्यात घसा फाडून पाढे घ्यायचे. आज चौथीतली पोरंच म्हणाली, "टीचर, हळू बोला ना."

दुपारी चारूमॅडमचा फोन. मुंबईच्या प्रकाशनवाल्या. पुस्तक घेतलं! लहान मुलांसाठी 'वेगवेगळ्या घरांतली मुलं' अशी रंगीत पुस्तकांची माला काढतायत, त्यात आपलं. नाझनीनला वर्गातच सांगून टाकलं. गोष्ट तिचीच. खोली कारखान्याच्या वर, वडील इसरारभाई खाली लूमवर, कान गेल्यात जमा. आठवडाभर बापलेकीचं सगळं खाणाखुणांनी. शुक्रवारी लूम थांबला की ही बापाजवळ बसून सोमवारपासूनचं सगळं सांगते, न ओरडता. तिने निबंधात लिहिलं होतं. मी फक्त गोष्ट केली.

"माझं नाव छापणार? खरंच?" म्हटलं, छापणार.

३ जुलै, गुरुवार
चा. मॅ. फार गोड बोलतात. "सुंदर आहे हो, पण यात काही घडतच नाही." मग काय करू? ईद टाका म्हणे. शिरखुर्मा. मुलांना दुसऱ्यांचे सण कळायला हवेत.

म्हटलं, माझ्या वर्गात तेलुगू आहेत, यूपीवाले आहेत, आमचे आगरी आहेत, वाडा तालुक्याकडचे आहेत. यातलं दुसरं कोण, ते आधी सांगा. हसल्या. मी विनोद केला असं वाटलं त्यांना.

१२ जुलै, शनिवार
चित्रं आली. बघून डोकं फिरलं.

नाझनीनच्या खोलीला कमानीची खिडकी, खिडकीत चंद्रकोर, दारात बकरी. बकरी! दुसऱ्या मजल्यावर! इसरारभाईंना मखमली जाकीट चढवलंय. तो माणूस लुंगी-बनियनवर लूम चालवतो, केसांत कापसाचा भुसा.

आणि टीचर. मी आगरी आहे एवढं कुठेतरी बोलून गेले होते, तेवढं धरलं. नऊवारी, नथ, डोक्यावर मासळीची पाटी. वर्गात उभी, फळ्यासमोर, पाटी घेऊन. मी पंजाबी ड्रेस घालून कोन गावाहून स्कूटीवर शाळेत जाते. ह्यांना दाखवलं तर म्हणे, "बोंबील काय वाटा दिला, टीचर?" मला आधी हसू आलं. मग ह्यांचाही राग आला.

फोनवर सुनावलं. पाटी काढली. बकरी ठेवली.

८ ऑगस्ट, शुक्रवार
आज नवीन. गोष्टीत एक 'ईशा' घालायची. ईशा मोठ्या सोसायटीतली, ती नाझनीनच्या घरी जाते, तिला सगळं नवल वाटतं, शेवटी दोघींची मैत्री. म्हणजे गोष्ट ईशाची. "वाचकाला धरायला कुणीतरी आपलं लागतं ना." आपलं. किती सहज म्हणाली बाई.

पुढे कहर. शुक्रवारचा रविवार करायचा. "शुक्रवार म्हटलं की लोक भलतंच काढतात. रविवार कसा सगळ्यांना कळतो."

अहो, भिवंडीत लूमची सुट्टीच शुक्रवारी. मालक मारवाडी असो, पद्मशाली असो, मोमीन असो, शुक्रवारी बटण बंद. रविवारी लूम चालू. चालू लूममध्ये पोरगी बापाला सांगणार काय, कपाळ?

नाहीतर पुस्तक मालेतून काढावं लागेल, हेही तितक्याच गोड आवाजात. आणि इकडे नाझनीन रोज, "आलं का टीचर?" शेवटी तोडगा काढला. ईशा घाला, पण शुक्रवार राहू दे. "ठेवू या की," म्हणाल्या.

रात्री जेवण गेलं नाही. सासूबाई, "पुस्तकावर तुजा नाव हाय ना? मंग कशाला तोंड पारून बसलीस?" त्यांना काय सांगू.

३० ऑक्टोबर, गुरुवार
खोकं आलं. पहिलं पुस्तक उघडलं. कागद गुळगुळीत, वास छान. मधल्या पानावर मोठ्या अक्षरांत: 'रविवारी लूम झोपतात.'

फोन केला. "अहो, अगदी शेवटच्या घटकेला ठरलं. तुम्हाला कळवायचं राहून गेलं." राहून गेलं! दूधवाल्याला सांगायचं राहतं तसं.

खोकं तसंच बंद केलं. कव्हरवर माझं नाव आहे. आणखी कुणाचं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
प्रकाशन आपल्याच शाळेत करणार. मी म्हटलं १४ तारीख घ्या, बालदिनही आहे आणि शुक्रवारही, पालक येतील. नाही. "पाहुण्यांना शुक्रवारी ऑफिस असतं. १६ ला रविवार, सगळे मोकळे." सगळे म्हणजे कोण, हे विचारायचाही कंटाळा आला.

कारखान्याच्या गेटवर जाऊन इसरारभाईंना सांगितलं. दोनदा ओरडून सांगावं लागलं. "इतवार को सेठ कहाँ छोड़ेगा, मॅडम. जुम्मा होता तो नहा-धोके सबसे आगे बैठता." वर मलाच म्हणाले, आप टेन्शन मत लो.

१६ नोव्हेंबर, रविवार
झालं एकदाचं.

पालकांच्या खुर्च्या रिकाम्या. हेडसरांनी सातवीची मुलं आणून बसवली, फोटोपुरती. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मागे खटखट. माईक वाढवला, तरी खटखट वर. विविधतेवर काहीतरी बोलत होते. तोंड हलताना दिसत होतं. नाझनीन पहिल्या रांगेत, ईदचा फ्रॉक घालून. सारखी दाराकडे बघत होती.

चहाला चा. मॅ. हळूच म्हणाल्या, "या वस्तीत पालकांना पुस्तकांचं फारसं काही नसतं का हो?"

"ही खटखट ऐकू येतेय ना? ते पालकच."

"हो का," म्हणाल्या आणि बिस्किट घेतलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
वर्गात वाचून दाखवलं. किती दिवस टाळणार. त्या पानावर आले आणि श्रीनिवास उठला. त्याची आई लूमसाठी सुताच्या कांड्या भरते. "टीचर, संडेला लूम चालू असतो. तुम्ही खोटं लिहिलं." वर्ग खो खो हसला. पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि वर नाव माझं. अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

नाझनीन हसली नाही. चित्रातल्या बकरीवर बोट ठेवून बसली होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार
चा. मॅ.चा मेल. पुस्तक "फार छान उचललं गेलं", दुसरी आवृत्ती काढतायत. शिवाय मालेत माझंच पुढचं हवंय, या खेपेला कातकरी मुलगी. चित्रकाराने सुरुवातही केलीय. गोष्ट नाही, मुलगी नाही, चित्रं तयार.

उत्तर लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीत शुक्रवार करा, नाझनीनची गोष्ट नाझनीनची राहू द्या, नाहीतर माझं नाव काढा. हे म्हणाले, "नाव काढलं तर तुझं काय उरलं? आणि पुस्तक तर तसंच विकणार ते." खरंच आहे. म्हणूनच पाठवलं नाही अजून. नाव राहिलं तर भांडता तरी येईल, की नुसतंच मनाचं समाधान...

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
शाळा सुटल्यावर नाझनीनच्या खोलीवर गेले. तिची प्रत द्यायची राहिली होती. लूम बंद. जिन्यात माझ्या चपलांचा आवाज येत होता.

इसरारभाई अंघोळ करून बसलेले, धुतलेला कुर्ता. "पढ़ो बेटा, मॅडम के सामने पढ़ो." तिने मराठी वाचलं, लगेच हिंदीत सांगितलं. मला वाटलं आपल्या मनाने बदलेल. एक शब्द बदलला नाही. ईशा, कमान, बकरी, रविवार, सगळं जसंच्या तसं. ते कानामागे हात धरून शेवटपर्यंत ऐकत होते.

"अच्छी है," म्हणाले. "ये लोग कहाँ के हैं?"

"पता नहीं अब्बा. मुंबई के होंगे."

मग माझ्याकडे वळून, मराठीत, "टीचर, ही नाझनीन दुसरी आहे ना? आपली कधी येणार?"

"येईल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. चहा घेतला, निघाले.

मागे तिने पुस्तक मिटलं आणि बापाला आठवड्याचं सांगायला घेतलं. सोमवारपासून. सोमवारी वर्ग हसला होता. मी जिन्यात थांबले, काय सांगते ते ऐकायला. मग आपण हे काय करतोय असं वाटलं, उतरले.

मेल अजून पाठवलेला नाही.