मोंबासाहून आलेला फोटो

पासली, सन १९५७

चिरंजीव रायबास बापाचा आशीर्वाद.

मोंबासाच्या अनाथाश्रमातली दोन भावंडं दत्तक घेतोस, हे कळलं. फोटो पाहिला. मी जन्मभर मेंढरं राखली. कोकरू कुणाचं ते कानावरून सांगतो. दोघांचे कान तुझेच आहेत. खरं सांग, ही पोरं तुझीच ना?

पण विचारू कसा? तुझं घाईचं अक्षर मला लागत नाही. तुझं उत्तर तुझी बायको सोजराच मला वाचून दाखवणार. सोजरा दोघांसाठी गोधडी शिवते आहे. काल फोटो पुढं धरून म्हणाली, "मामंजी, तुमी लई पारखी. पोरं कुणावर गेली?"

"परमुलखातली. मला न्हाई कळत."

"मग तुमच्या लेकाला इचारूबी नका."

म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझा बाप,
म्हादू