वाटाण्याच्या सात बरण्या

बाबा,

आईला पाठवायच्या वाटाण्याच्या सातही बरण्या मी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकल्या. शोधू नका, गाडी येऊन गेली.

परवा बरण्या हवाबंद करायच्या त्या नव्या प्रेशर कॅनरमध्ये, वाफेवर असताना मावशीकडून आईचा फोन आला. वाफेच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येईना म्हणून तुम्ही गॅस बारीक केलात आणि दाबाचा काटा घसरला. पुस्तिकेत लिहिलंय, दाब उतरला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. तुम्ही उरलेली दहा मिनिटं उरकून मोकळे झालात. अशाने आतले जंतू मरत नाहीत; असे वाटाणे दिसायला, वासाला झकास असतात आणि माणसाला आडवं करतात. दीड महिना रुसलेल्या बायकोला विष पाठवलं, तर समेटाची बोलणी लांबतात.

दोन माणसांसाठी सात बरण्यांचा कॅनर का घेतलात, हे मी विचारत नाहीये.

आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे त्या काट्याकडे बघायला आता मीच यायचं का?" मी हो म्हणालो. ती आज संध्याकाळी साडेसहाच्या बसने येतेय. मला अचानक काम निघालंय. दाढी करून स्टँडवर तुम्हीच जा.

— चिरंजीव