गोड पाणी

८ एप्रिल १९९७, गुढीपाडवा

चंदीगडला येऊन आठवडा होत आला. सामान लावण्यात दिवस गेले, आज सणाचं निमित्त करून लिहायला बसले. दर्यापूरच्या घरात स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. इथे दोन आहेत आणि दोन्हींतून झाडं दिसतात. रस्ते तर असे सरळ, जसे काही ह्यांनीच पट्टी लावून आखलेत. हे ड्राफ्ट्समन, मशीनच्या भागांची चित्रं काढतात. इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात नोकरी लागली, वर कंपनीचा क्वार्टर मिळाला. देवाची कृपा, दुसरं काय.

गॅलरीत गुढी उभारली. शेजारची गुरमीत बघायला आली आणि हसतच सुटली. म्हणाली, भाभीजी, लोटा उलटा टांगलाय, पाणी कशात भरणार? मी हिंदी जुळवेपर्यंत स्वरालीने तिला पाडवा समजावूनसुद्धा सांगितला. पाच वर्षांची पोरगी, पण बोलायला लागली की घरात दुसऱ्याला जागा नाही.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. आधीच्या बिऱ्हाडाने मुलीची उंची मोजलेली. वर नाव लिहिलंय सलोनी आणि प्रत्येक खुणेपुढे बारीक अक्षरात महिना. खालच्या खुणा सुट्या सुट्या, वरच्या अगदी दाटीवाटीने. किती हौशी आईबाप! मी पुसल्या नाहीत. चौकटीच्या दुसऱ्या अंगाला स्वरालीला उभी करून आमचीही पहिली खूण केली.

लिहायला ह्यांच्या पेन्सिलींची थोटकं, कागदाला गेल्या सालची डायरी. नवं काही विकत आणलं नाही. हे चिडवतात, ही डायरी नव्हे, तुझ्या जमाखर्चाच्या वहीची धाकटी बहीण.

२७ एप्रिल

आम्ही वरच्या मजल्यावर, त्यामुळे नळाची धार करंगळीएवढी, आणि पाण्याला औषधाचा वास. ह्यांनी युक्ती काढली. कारखान्यात मालकाने वडिलांच्या स्मरणार्थ मोठा वॉटर कूलर बांधून घेतलाय, वर त्यांच्या नावाची पितळी पाटी. हे रोज संध्याकाळी तिथून कॅन भरून स्कूटरवर पायाशी ठेवून आणतात.

पहिला घोट घेतला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. गोड! आमचा सगळा मुलूख खारपाणपट्ट्यातला. विहीर खोदली तरी पाणी खारट. डाळ शिजत नाही, चहाला चव येत नाही. आमच्याकडे सोयरीक जमवताना मुलीकडचे आधी विचारतात, गावाला पाणी गोड आहे का? आई लांबून गोड पाण्याचा हंडा आणायची, पाहुण्याला पेला अर्धाच भरून द्यायची आणि त्यालाही ओशाळायची. इथे कॅनच्या कॅन. मी ह्यांना म्हटलं, तुमच्या मालकाच्या वडिलांचा आत्मा थंड झाला असेल बाप्पा.

कूलरला लागूनच कॉफीचा बॉयलर आहे, त्याच पाण्याचा. संध्याकाळी उरलेली कॉफी शिपाई ओतून द्यायचा, ती हे थर्मासमध्ये आणतात. चांगली वस्तू मोरीत कशाला? दुधात घालून दिली की स्वराली पेला चाटूनपुसून रिकामा करते. कॅनचं नावच तिने 'गोड' ठेवलंय. आई, गोड दे, म्हणते.

बाळकृष्णाची आंघोळही आता ह्याच पाण्याने. तेच तीर्थ आम्ही तिघं घेतो.

१३ जुलै

ह्यांचं पोट सारखं दुखतं. ओवा झाला, हिंग झाला, एरंडेल झालं. कारखान्यात आणखी बऱ्याच जणांचं दुखतंय म्हणे, मॅनेजर नरेशजी म्हणतात की ढाब्यावर खाणं बंद करा. पण हे माझा डबा नेतात!

काल वरणात मीठ कमी पडलं म्हणून ह्यांनी ताट सरकवलं. लग्नाला आठ वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. मग स्वतःच जवळ येऊन बसले, म्हणाले, काय झालं मला कळलंच नाही.

२५ ऑगस्ट, जन्माष्टमी

गोड पाण्याचा अभिषेक केला. मन लागलं नाही.

स्वरालीला पाढे म्हणायला बसवलं. पाचचा पाढा ती उड्या मारत म्हणायची. आज पाच चोक वीस झाल्यावर थांबली. माझ्याकडे बघत राहिली, जसं मी पुढचं कुठेतरी लपवून ठेवलंय. मी रागावले. रडली नाही. तेच जास्त लागलं.

चौकटीपाशी उभी केली. खूण पाडव्याच्या खुणेवरच आली. पट्टी सरळ धरून पुन्हा मोजलं. तिथेच.

१२ ऑक्टोबर

काल दसरा. ह्यांनी ड्रॉइंगच्या साहित्याची पूजा केली आणि सवयीने कागदावर एक सरळ रेघ ओढली. रेघ लहरत गेली. माझं लक्ष आहे बघून त्यांनी कागद चुरगळला.

जेवताना हसले तेव्हा दिसलं, दातांच्या मुळाशी, हिरड्यांवर निळसर काळी रेघ. मिश्रीसारखी, पण हे मिश्री लावत नाहीत. बोटाने घासली, जात नाही. मग स्वरालीचा ओठ वर केला. आहे. मग आरशापुढे गेले.

मलाही आहे.

सकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

२ नोव्हेंबर

परवा मराठी मंडळाच्या फराळाला गेलो होतो. तिथे देवयानीताई भेटल्या, इथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर आहेत, मूळच्या साताऱ्याच्या. त्यांनी स्वरालीला कौतुकाने नाव विचारलं. ती बराच वेळ शोधत होती. शेवटी हिंदीत म्हणाली, भूल गई. बायका हसल्या, लबाड आहे म्हणाल्या. देवयानीताई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा ओठ वर करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तिघांचं रक्त घेतलं.

१४ नोव्हेंबर

गुरमीतकडे देवयानीताईंचा फोन आला. रक्तात शिसं आहे. खूप आहे. सोमवारी घरी येऊन सगळं विचारते, तोवर घाबरू नका, म्हणाल्या.

शिसं! मला लगेच उमगलं. शिसपेन्सिल! घरभर पेन्सिली. स्वराली त्या चावते, हे दिवसभर बोटांत धरतात, मी टोक जिभेला लावून लिहिते. सगळ्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या. ह्यांच्या ठेवणीतल्यासुद्धा. आता हे पान बॉलपेनने लिहितेय.

विष धुऊन जायला पोटात भरपूर पाणी जायला हवं. ह्यांना दोन कॅन आणायला सांगितले. स्वरालीला तासातासाला पेला भरून पाजते. शहाण्यासारखी पिते. बाळकृष्णासमोर बसून पिते.

१७ नोव्हेंबर

देवयानीताई जिना चढून आल्या. आल्या पाहुण्याला आधी पाणी, म्हणून पेला पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला आणि मी पेन्सिली टाकल्याचं सांगत होते ते ऐकलं. म्हणाल्या, वहिनी, पेन्सिलीत शिसं नसतंच हो. ते नुसतं नाव.

मग पेल्याकडे पाहिलं. विचारलं, हे पाणी कुठलं?

मी कौतुकाने सांगितलं. सगळं. कॉफीचं. तीर्थाचं. सांगता सांगता पाहिलं, तर त्यांनी पेला लांब सारला होता.

नंतर त्यांनी समजावलं. टाकीचे सांधे आतून शिशाचा डाग देऊन जोडलेले असणार. रात्रभर पाणी आत राहतं, शिसं उतरतं. उकळत्या कॉफीत आणखी उतरतं. ती गोड चव शिशाचीच.

मी मोजून मोजून पाजलं. तासातासाला.

५ डिसेंबर

पाण्याची तपासणी आली. देवयानीताई म्हणाल्या तेच. हे कागद घेऊन मालकाकडे गेले. म्हातारा माणूस, रागावला नाही, रडला. माझ्या बापाच्या नावाच्या पाण्यात विष? म्हणाला आणि सगळ्यांसमोर कूलरचा ग्लास भरून प्यायला. मग नरेशजी प्यायले. मग सगळे. कोणी हसून म्हणालं, मराठी बाबूंना आमचं पाणी पचत नाही.

ह्यांनी घरी येऊन सांगितलं की रडताना मालकाचं तोंड उघडं होतं. हिरड्यांवर तीच रेघ.

गुरमीतला सलोनीचं विचारलं. आधी टाळत होती. मग म्हणाली, तिचे वडीलही ह्यांच्याच टेबलावर होते, तेही कॅन आणायचे. पोरगी वाढत नव्हती म्हणून आई दर महिन्याला मोजायची. शेवटी आईलाही ओळखत नव्हती.

हौस नव्हती ती.

१४ जानेवारी १९९८, संक्रांत

स्वराली इस्पितळातून घरी आली. सुयांनी दंड काळेनिळे. रक्तातलं पुष्कळ कमी झालं म्हणतात. पण जे गेलं ते परत येईल का, विचारलं, तर देवयानीताई माझा हात धरून बसल्या.

बोलत नाही. एक शब्द नाही.

तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. पुढचं जे म्हणतात ते माझ्याच्याने म्हणवलं नाही.

२३ जानेवारी

ह्यांचा उजवा हात मनगटातून लोंबतो. चित्रांचं काम काढून घेतलं, हजेरीच्या वहीवर बसवलंय. रजा घ्या म्हटलं, हो म्हणाले, सकाळी पुन्हा गेले. विसरतात.

संध्याकाळी कॅन घेऊन आले. हसत. बघ, तुझं गोड पाणी.

मोरीत ओतला. त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्यासमोर रडले.

२४ जानेवारी

आजही आणला. बघ, तुझं गोड पाणी.

ओतला. सांगितलं. रडले. रोज पहिल्यांदाच कळतं त्यांना —

२ फेब्रुवारी

परवाची तिकिटं काढली. दर्यापूर. खारं पाणी. कधी एकदा ते खारं पाणी स्वरालीच्या तोंडात —

पेन बोटांत राहत नाही. दोन हातांनी —

बाळकृष्णाला नळाच्या पाण्याने धुतलं. तुलाही तेच पाजलं रे. तुला काही झालं नाही. एवढे दिवस एक शब्द तरी —

३ फेब्रुवारी

सामान बांधलं. चौकटीवर स्वरालीच्या खुणा. सगळ्या एकीवर एक. पुसणार नाही. पुढच्या बाईला दिसू देत —

हे आले. गाडीचा लांबचा प्रवास म्हणून कॅन —

ओतला. ओतला ना? मोरी ओली आहे. की ते कालचं —

स्वराली बोलली! आत्ता. स्वयंपाकघरातून. स्पष्ट. आई म्हणाली. देवा, आई म्हणाली, आई, गोड

कॅनचं झाकण —

स्वराली नको ग, पिऊ नको, थांब, मी आले, माझा हात उचलेना