ॲश्बी घराण्याचा कुलवृत्तांत

रविवार, १ फेब्रुवारी. दुक्म कँप, ओमान.
माणसाच्या सहनशीलतेला काही सीमा असते. आजपासून मेसमध्ये चपात्या माणशी दोन. कालपर्यंत चार होत्या. निषेधाचं पत्र लिहिलं, नंबर टाकून रजिस्टरला चढवलं. डॉक्युमेंट कंट्रोलर उगाच नाही झालो. ज्याला द्यायचं तो कॅटरिंगचा रमण मात्र शुक्रवारीच इंडियाला गेला म्हणे. सुट्टीवर असेल. गादीसकट गेला.

सोमवार, २.
बंद पडलेल्या कॉफी मशीनपाशी प्रोजेक्ट मॅनेजर ॲश्बीसाहेब भेटले. तू राजापूरचा ना, म्हणाले. त्यांचा कोणी नॅथॅनियल ॲश्बी साडेतीनशे वर्षांपूर्वी राजापूरच्या इंग्रज वखारीत कारकून होता. तिथेच लग्न केलं, तिथेच मेला. पुढचं कुणालाच ठाऊक नाही. एवढं सांगून हसले आणि गेले.
हा इशारा आहे. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, रिन्यूअलवर सही त्यांची. मुलीच्या, उत्तराच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं बाकी. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला त्या कमिटीत मी होतो. संकल्प: दहा दिवसांत ॲश्बी कुलवृत्तांत.

मंगळवार, ३. दुपार.
ऑफिसातच बसून लिहितोय. रूमवर केलं तर हौस वाटेल. टाइमशीटमध्ये प्रामाणिकपणे टाकलं: ‘ॲश्बी, आठ तास.’
गोत्र: माहीत नसलं की काश्यप लावतात, तेच लावलं. कुलदैवत: चौकशी चालू.
जगभरच्या बेचाळीस ॲश्बींना कंपनीच्या मेलवरून फॉर्म गेले.
साइटवर ड्रॉइंग पाठवायचं माझं रोजचं काम स्टोअरकीपर मुस्तफाकडे सोपवलं. राजापूरच्या खाडीकडचाच माणूस. म्हणाला, द्या हो उल्हासभाऊ, आता दिवसाला दोनच तर येतात. पूर्वी पन्नास यायची. काम किती शिस्तीत आलंय!

गुरुवार, ५.
जेवायला आमच्या टेबलावर मी आणि मुस्तफा. बारा जणांचं टेबल. ऐसपैस. बी ब्लॉकला कुलूप लागलंय, त्यामुळे शांतता. अभ्यासाला पोषक.
मुस्तफा म्हणाला, भाऊ, रोज एक बॅग गेटबाहेर जातेय आणि तुम्ही साहेबाच्या मेलेल्या आज्याला कसले शोधताय? मी म्हटलं, ज्यांचं काम दिसत नाही ते जातात. माझं दिसतंय. तो भात कालवत राहिला.
बायकोला, सुरेखाला फोन. म्हणाली, स्वतःच्या काकांचं श्राद्ध विसरता आणि इंग्रजाचं गोत्र लावता. तिला करिअर कळत नाही.

शनिवार, ७.
नॅथॅनियलची कबर सापडली! मुस्तफाने गावी फोन केला आणि त्याची आत्या नूरबानू, वय सत्तर, कोयता घेऊन खाडीकडे उतरली. घाणेरीची झुडपं तोडली. खाली दगड. त्यावर ‘एन ॲश’ एवढीच इंग्रजी अक्षरं, पुढचा तुकडा गायब. फोटो आला. पायाला काटे बोचले म्हणे. मुस्तफाकरवी निरोप: तीनशे वर्षांत याला विचारणारा कोण आला नाय, आता काय वाटणी मागायला येतायत?
ठसठशीत पुरावा. पान पहिलं.

सोमवार, ९.
फॉर्मची मुदत संपली. बेचाळीसांपैकी सहा उत्तरं. आमच्या कमिटीची पद्धत होती, उत्तर न देणाऱ्या शाखेपुढे ‘निर्वंश’ लिहायचं. छत्तीस शाखांपुढे लिहिलं. ॲश्बीसाहेबांनीही फॉर्म भरला नव्हता. नियम तो नियम.
एचआरची उमामा येऊन विचारून गेली, तिकीट मुंबईचं हवं की गोव्याचं. रिन्यूअलनंतरची रजा आत्तापासूनच बघतायत. मुंबई सांगितलं.

बुधवार, ११.
चौऱ्याऐंशी पानं, स्पायरल बाइंडिंग. साहेबांच्या टेबलावर ठेवली. बराच वेळ चाळत होते. स्वतःच्या नावापुढच्या शब्दाचं इंग्रजी भाषांतर दोनदा वाचलं. मग विचारलं, हे केलंस कधी? मी छाती काढून सांगितलं, ऑफिस अवर्समध्ये सर, शंभर टक्के. मग तुझं काम? म्हटलं, मुस्तफा करतो सर, स्टोअर सांभाळून. काही म्हणजे काही अडलं नाही.
ते खिडकीबाहेर रिकाम्या पार्किंगकडे बघत होते. म्हणाले, थँक यू उल्हास, माझा एक अवघड निर्णय तू सोपा केलास. भारावले असणार.

गुरुवार, १२. दुपारी तीन.
पत्र मिळालं. स्टोअर आणि डॉक्युमेंट मिळून एकच जागा ठेवायची होती. मुस्तफाला ठेवलं. माझं विमान शनिवारी. उमामा खाली बघत म्हणाली, खलास, उल्हासभाई, सॉरी.
उत्तराला अजून सांगितलेलं नाही.
माझी प्रत उघडली. ऋणनिर्देशाच्या पानावर कंपनी, प्रिंटर आणि ‘संपादकाची चिकाटी’. कबर मीच शोधल्यासारखं लिहिलंय. त्याखाली पेनाने लिहिलं: कबर नूरबानू यांनी शोधली, घाणेरी तोडून.
प्रत स्टोअरमध्ये नेऊन मुस्तफाला दिली. त्याने त्या पानाचा फोटो काढून आत्याला पाठवला. मग बसायला खोका पुढे सरकवला.
प्रत रजिस्टरला चढवली नाही. पोचही घेतली नाही.